खिशातला कागद

ताई, आमचा मुलगा 31 वर्षांचा आहे. त्याला बौद्धिक अक्षमता आहे. रोज कार्यशाळेत जातो, पाकिटं चिकटवतो, दिवाळीच्या आधी पणत्या रंगवतो. महिन्याला 900 रुपये मिळतात. ते मी सही करून आणते आणि पोस्टात त्याच्याच नावानं टाकते. वर्षभरापूर्वी तिथे ‘सेल्फ ॲडव्होकसी’चा गट सुरू झाला. दर दुसऱ्या शनिवारी ही मुलं जमतात. 3 डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनाच्या कार्यक्रमात त्याला बोलायचं होतं म्हणून मी चार ओळी लिहून दिल्या, पंधरा दिवस पाठ करून घेतल्या. स्टेजवर गेल्यावर त्यानं कागदाची घडी घातली, खिशात ठेवला आणि म्हणाला, “माझा पगार माझ्या हातात द्या. आई घेते.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझी जाऊ पहिल्या रांगेत बसली होती. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. (कागद नंतर शर्ट धुताना सापडला.) हे सगळं गटाच्या मॅडमनीच पढवलेलं असणार. ॲडव्होकेट म्हणजे वकील ना? माझ्याच घरात माझ्याविरुद्ध वकील उभा केलाय. त्याला गटातून काढू का?
— एक आई, नाशिक

ताई,

तुमच्या जाऊबाईंचं नंतर बघू. खरं तर नाहीच बघणार.

माझं मन त्या घडीपाशी अडकलंय. समोर माइक, माणसं बघताहेत, आणि तुमचा मुलगा सावकाश कागदाची घडी घालतोय. त्यानं तो चुरगाळला नाही, खाली टाकला नाही, परत मॅडमच्या हातातही दिला नाही. खिशात ठेवला. आईनं लिहून दिलेलं आहे, जपून ठेवायचं. बोलायचं मात्र आपलं आपण. ज्याला कुणी पढवून पाठवलंय, तो असा थांबत नाही. तो घडाघडा म्हणून मोकळा होतो. आणि पाठ करून घेतलेलं जर काही होतं तिथे, तर ते तुमचंच होतं.

त्या चार ओळी काय होत्या, हे तुम्ही कळवलं नाहीत. मी सांगू? ‘माझे आईबाबा माझ्यासाठी अहोरात्र झटतात, मी त्यांचा ऋणी आहे.’ शब्द इकडेतिकडे असतील. असले कार्यक्रम मी खूप पाहिलेत. ऋणी हा शब्द तुमच्या घरात चहा पिताना कुणी वापरतं का हो?

पंधरा दिवस त्यानं ते निमूट पाठ केलं, यावरून त्याला ते पटलं होतं असं समजू नका. अशा माणसांबरोबर काम करणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. हो की नाही असं विचारलं, की बरेच जण ‘हो’ म्हणतात. चहा की कॉफी म्हटलं तर कॉफी, आणि कॉफी की चहा म्हटलं तर चहा. जो शब्द शेवटी कानावर पडला तो. प्रश्न कळलेला नसतो असं दर वेळी नसतं. ‘हो’ म्हटलं की समोरचा खूश होतो, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं असतं. म्हणून चांगल्या गटात विषय चित्रांनी मांडतात, लाल कार्ड ठेवतात. कार्ड वर केलं की बोलणाऱ्यानं थांबायचं, कारण कुणाला तरी कळलेलं नाही. आणि मॅडमचं मुख्य काम असतं ते गप्प बसण्याचं. एकेकाला वाक्य जुळवायला मिनिटभर लागतं, तेवढा वेळ मधे तोंड घालायचं नाही. करून बघा एकदा. मला नाही जमत, माझा नवरा साक्षीला आहे.

तर 31 वर्षं ‘हो’ म्हणणारा मुलगा त्या दिवशी ‘नाही’ म्हणाला, आणि तेही कागदाची घडी घालून. याहून अदबीनं कुणी नाही म्हणाल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

वकिलाचं म्हणाल, तर ‘सेल्फ ॲडव्होकसी’ या शब्दाचा अर्थ इतकाच, की आपली बाजू आपण मांडायची. नाशिकच्या कुण्या मॅडमच्या डोक्यातून हे निघालेलं नाही. 1970 साली स्वीडनमध्ये माल्मो शहरात अशाच तरुण मुलामुलींची परिषद भरली होती. त्यांच्या म्हणण्यात एक मुद्दा होता: डॉक्टर, शिक्षक आमच्याविषयी बोलतात तेव्हा आम्हाला तिथे बसू द्या. 1974 साली अमेरिकेत ऑरेगनमध्ये जमलेल्यांनी सांगितलं, आम्हाला आधी माणूस म्हणा. आपल्याकडे पालकांच्या ‘परिवार’ या देशव्यापी महासंघाच्या सोबतीनं अशा मुलांचा स्वतःचा मंच उभा राहिला. हो, पालकांच्या! तुमच्यासारख्याच आयांनी, बापांनी त्याला हात दिला. आणि ही माणसं बोलायला लागली, की पगाराचा विषय बरेचदा निघतो. तुमचा मुलगा काही जगावेगळं बोललेला नाही.

पैसे तुम्ही खाल्ले नाहीत, हे मला कळतं. पोस्टात त्याच्याच नावावर आहेत, पै न पै असेल. पण पैशांचा हिशेब त्यानं मागितलेला नाही, ताई. शब्द पुन्हा वाचा: ‘माझ्या हातात’. महिनाभर पाकिटं चिकटवायची त्यानं आणि सहीला जायचं तुम्ही. शेजारच्या टेबलावरचा मित्र नोटा मोजत असेल, तेव्हा हा काय बघत असेल? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 13 सांगतं, की स्वतःचे आर्थिक व्यवहार स्वतः सांभाळण्याचा हक्क दिव्यांग माणसाला इतरांइतकाच आहे. पालकत्वाबद्दलचं पुढचं कलम 14 सुद्धा ‘मर्यादित’ पालकत्वाची भाषा करतं, म्हणजे त्याच्याशी बोलून, दोघांनी मिळून ठरवायचं. त्यानं कायदा वाचलेला नाही. त्याला तो न वाचताच कळलाय.

‘आमच्या पश्चात त्याचं काय?’ ही ओळ तुम्ही लिहिली नाहीत, पण पोस्टातलं खातं तेच बोलतंय. 900 रुपये महिन्यानं साठून किती होणार आहेत? तुमच्यामागे तो कुणाच्या तरी घरी असेल, नाहीतर एखाद्या वसतिगृहात. तिथे कुणी त्याच्या ताटातलं काढून घेतलं, कुणी नको तिथे हात लावला, तर ‘नाही’ म्हणता यायला हवं ना? ते त्याला कुठे शिकायला मिळणार? दुसऱ्या शनिवारी, त्या खोलीत. आणि तुम्ही विचारताय, काढू का म्हणून.

येत्या पगाराला तुम्ही जायचं नाही. कार्यशाळेत आदल्या दिवशी फोन करून सांगा की सही तो करेल; सही येत नसेल तर अंगठा. 900 रुपये त्याच्या हातात पडू देत. पोस्टातला हप्ता चालूच ठेवायचा असेल तर तुमच्या पैशातून भरा. तो सगळ्यांना वडापाव चारेल, कुणीतरी पन्नास रुपये उसने नेईल आणि देणार नाही. माझ्या पहिल्या पगारातून मी जांभळी पर्स घेतली होती, आठवड्यात तिचा बंद तुटला. आई काही बोलली नव्हती.

तो कागद फाडला नसेल तर वाळवून त्याच्या कपाटात ठेवा. आणि पगाराच्या दिवशी संध्याकाळी तो घरी आला की ‘किती उरले’ असं विचारू नका. दाखवायचे असतील तर तो दाखवेल.