कन्सोल आणि टर्मिनल

सातपूर औद्योगिक वसाहतीत संगणक यंत्रणा सांभाळणाऱ्या एका वाचकांनी विचारले आहे की, नाशिकरोडच्या गोदामातील ओपनबीएसडी (युनिक्स घराण्यातील एक कार्यप्रणाली) सर्व्हरच्या सीरियल पोर्टला दुरून जोडले असता यंत्र सुरू होतानाचे संदेश दिसतात, पण लॉगिन येत नाही. सहकारी म्हणतात, ‘कन्सोल आहे, टर्मिनल नाही.’ या दोन शब्दांत खरोखर फरक आहे काय?

आहे, आणि सहकाऱ्यांचे म्हणणे अचूक आहे. पडद्यावरच्या कोणत्याही काळ्या खिडकीला ‘कन्सोल’ म्हणण्याची खोड क्लासपासून कचेऱ्यांपर्यंत पसरली असून तिनेच हा गोंधळ घातला आहे. टर्मिनल म्हणजे टोक, हे सर्वांना ठाऊक आहे. खरी गंमत ‘कन्सोल’मध्ये आहे. फ्रेंच वास्तुकलेत सज्जा किंवा कंगणी खालून पेलणाऱ्या कोरीव आधाराला हे नाव होते. सिन्नरच्या गोंदेश्वराच्या काळातील देवळांत खांबांच्या माथ्यावर छताचा भार घेऊन बसलेले यक्ष, ज्यांना आपण कीचक म्हणतो, तेच काम करतात. पुढे हे नाव ऑर्गनच्या पट्ट्या बसवलेल्या चौकटीला आणि तेथून यंत्र चालवण्याच्या मेजाला मिळाले. काही कोशकार त्याचे मूळ ‘बळकट करणे’ या क्रियापदात शोधतात. मला ते मुळीच पटत नाही. ‘धीर देणारा’ या अर्थाच्या ‘कॉन्सोलातर’चे ते लघुरूप आहे हे दुसरे मतच ग्राह्य आहे, कारण भार वाहणाऱ्या कोरीव मानवाकृतींना कर्तृवाचक नाम शोभते, क्रियापदाचा तुकडा नव्हे. ‘नियंत्रण पटल’ हा प्रतिशब्द पुढे करणाऱ्यांनी तर पेलण्याची कल्पनाच टाकून दिली आहे. नेटवर्क कोसळले, एसएसएच, म्हणजे नेटवर्कवरून दुरून लॉगिन करण्याची सोय, बंद पडले, तरी कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, जिथे बोलत राहतो आणि जिथून यंत्र सावरता येते, ती जागा म्हणजे कन्सोल.

टर्मिनलवर मात्र माणसाची ओळख विचारणारा कोणी तरी लागतो. ते काम ‘गेटी’ हा प्रोग्राम करतो. हे नाव ‘गेट टीटीवाय’चे असून टीटीवाय म्हणजे टेलिटाइपरायटर. बूट डॉट कॉन्फ या फाइलीत ‘सेट टीटीवाय कॉम झिरो’ लिहिल्याने आपल्याला कन्सोल मिळाले, परंतु ईटीसीमधील टीटीवायएस फाइलीत टीटीवाय झिरो झिरोची, म्हणजे त्याच सीरियल पोर्टची, ओळ मुळात ‘ऑफ’ असते. ती ‘ऑन’ करावी, ‘अननोन’च्या जागी व्हीटी २२० हा टर्मिनलचा प्रकार लिहावा, आणि रूटने, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याने, तिथूनच शिरायचे असल्यास ‘सिक्युअर’ हा शब्द जोडावा. कन्सोलचा वेग ११५२०० ठेवला असेल तर त्याच ओळीतील ९६०० हा आकडाही बदलावा, अन्यथा लॉगिनच्या जागी निरर्थक अक्षरे उमटतात. शेवटी इनिटला, म्हणजे पहिल्या क्रमांकाच्या प्रोसेसला, हँगअपचा संकेत पाठवला की यंत्र पुन्हा सुरू न करताही लॉगिन येते.