सायबरपंक २०७७: कुठल्या रिव्ह्यूवर विश्वास ठेवायचा?

प्रश्न: सायबरपंक २०७७ घ्यायचाय पण रिव्ह्यू वाचून डोकं फिरलंय, कुणी म्हणतं कचरा, कुणी म्हणतं असा गेम परत होणे नाही. खरं कोण बोलतंय?

उत्तर: अहो दोघंही, फक्त रिव्ह्यूची तारीख बघा. १० डिसेंबर २०२० ला गेम आला तेव्हा पीएस४ (सोनीचा प्लेस्टेशन ४) आणि एक्सबॉक्स वन या जुन्या कन्सोलवर त्याची इतकी वाईट अवस्था होती की सोनीने आठ-दहा दिवसांतच तो आपल्या स्टोअरवरून काढला, परत आला तो थेट जून २०२१ मध्ये. लोकांचा तो राग रास्तच होता. मग सप्टेंबर २०२३ ला २.० अपडेट आलं आणि खेळच बदलला, पर्क्स (आपल्या पात्राला मिळणारी खास कौशल्यं) नव्याने बनवले, आधी पोलीस कुठूनही पाठीमागे उगवायचे ते आता गाडी घेऊन खरंच पाठलाग करतात, मारामारीला मस्त धार आलीये. पण हे अपडेट पीएस४ आणि एक्सबॉक्स वनला मिळालंच नाही, जुना कन्सोल असेल तर घेऊच नका!

आणि स्टीमवरचे (पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावरचे) रिव्ह्यूंचे टक्के म्हणजे मार्क नव्हेत, किती जणांनी गेम घ्या म्हटलं एवढंच ते सांगतात. गेल्या ३० दिवसांचे रिव्ह्यू वेगळे दिसतात, ते आधी वाचा, आणि लिहिणारा किती तास खेळलाय तेही तिथेच असतं.