कलम ९ सगळ्यांना दिसतं, कलम ४ कोणी वाचत नाही

प्रश्न : मी नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. पुण्याच्या एका प्लेसमेंट एजन्सीत १४,५०० रुपये भरून नाव नोंदवलं. त्यांच्या मुलाखती नेहमी कामाच्या दिवशी सकाळी अकरालाच. वेळ बदलून मागितली की 'क्लायंट थांबत नाही' हे एकच उत्तर. ११ मार्च २०२४ ला दुपारी व्हॉट्सॲपवर कळवलं की उद्या अकराला चाकणला इंटरव्ह्यू. मी शुक्रवार मागितला, उत्तर आलं नाही. मी गेले नाही म्हणून करारनाम्यातलं कलम ९ दाखवून फी जप्त केली. वर २०,००० रुपये भरपाई मागतात आणि दिली नाही तर सध्याच्या कंपनीला कळवू म्हणतात. माझ्या तीन नोटिसा पाठवून झाल्या. आता काय करू?

उत्तर : ताई, आधी तारीख. बाकी सगळं नंतर.

भांडणाचं कारण घडलं १२ मार्च २०२४ ला. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ६९ प्रमाणे तक्रार दोन वर्षांच्या आत दाखल व्हायला हवी. तुमचं पत्र माझ्या हातात पडलं जानेवारी २०२६ मध्ये, म्हणजे उरले जेमतेम दोन महिने. एजन्सीने फी परत करायला नकार दिला तो १८ मार्चला, मुदत तिथून मोजता येईल, असा युक्तिवाद करता येतो. पण सहा दिवसांसाठी तो धोका पत्करू नका. आधीची तारीख धरा आणि फेब्रुवारीतच दाखल करा. विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण त्यात 'पुरेसं कारण' द्यावं लागतं आणि तुमच्याकडे ते नाही. तुमच्याकडे आहेत नोटिसा.

जून २०२४, जानेवारी २०२५, ऑगस्ट २०२५. ओळखीच्या वकिलांनी काढून दिल्या, एकीचंही उत्तर आलं नाही. मुदत नोटिशीने थांबत नाही आणि पुन्हा नव्याने सुरूही होत नाही. ग्राहक आयोगात जाण्याआधी नोटीस देणं सक्तीचंही नाही. द्यायचीच तर एक द्यावी, पंधरा दिवस थांबावं आणि तक्रार टाकावी. तुम्ही मात्र उत्तराची वाट पाहत पावणेदोन वर्षं घालवलीत. तुम्ही अशीच थांबून राहावं, एवढंच तर एजन्सीला हवं होतं.

आता करारनाम्याकडे वळू. पत्रात तुम्ही कलम ९ अख्खं उतरवून काढलंय, खाली रेघा मारून. सोबत करारनामा जोडलात म्हणून मी तो पहिल्या पानापासून वाचला. तुम्ही वाचला नव्हता, हे उघड आहे. मोबाईलवर ओटीपी टाकून 'सही' करणारं कोणीच वाचत नाही, पण निदान भांडण झाल्यावर तरी वाचावा की नाही? तिसऱ्या पानावर, फीच्या तक्त्याखाली, कलम ४ आहे : 'एजन्सी उमेदवारास मुलाखतीची तारीख, वेळ व स्थळ किमान तीन कामकाजी दिवस आधी कळवील.' आणि तुमच्या त्या कलम ९ ची सुरुवातच अशी आहे : 'कलम ४ नुसार कळविलेल्या मुलाखतीस उमेदवार गैरहजर राहिल्यास…'

संपलं. मेसेज सोमवारी दुपारी ३.१२ ला आला आणि मुलाखत मंगळवारी अकराला होती. कलम ४ पाळलं गेलं नाही, म्हणून कलम ९ लागूच होत नाही. शॉप फ्लोअरवर फोन नेता येत नाही, तो गेटजवळच्या लॉकरमध्ये होता, तुम्ही मेसेज पाहिला पाळी सुटल्यावर ३.४० ला, आणि दुसऱ्या दिवशी अकराला चाकणला पोहोचायचं तर सिन्नर-संगमनेर-नारायणगाव करत पहाटेच निघावं लागलं असतं, हे तक्रारीत जरूर लिहा. हजेरीपटाचा उतारा मिळाला तर जोडा. पण तो आधार दुय्यम आहे. एजन्सीनेच आधी करार मोडला, हा मुख्य मुद्दा. तो पहिल्या पानावर हवा, रजा न मिळाल्याची कहाणी त्याच्या मागे.

पुरावा? तो एजन्सीनेच दिलाय. १२ तारखेच्या संध्याकाळच्या मेलमध्ये त्यांनी लिहिलंय : 'काल दुपारी कळवूनही आपण उपस्थित राहिला नाहीत.' काल दुपारी! याहून स्पष्ट कबुली मागून मिळाली नसती. तुमच्या तिन्ही नोटिशींत या वाक्याचा उल्लेख नाही.

व्हॉट्सॲपचं प्रकरण जरा अवघड करून ठेवलंयत. एजन्सीने त्या चॅटला ९० दिवसांनी मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय लावली होती, म्हणजे मूळ मेसेज गेले. दिवाळीत तुम्ही फोनही एक्स्चेंजमध्ये दिलात. उरला तो त्याच दिवशी बहिणीला पाठवलेला स्क्रीनशॉट आणि त्यावर तारीख नाही, नुसतं 'टुडे' दिसतं. एजन्सीचा वकील सगळ्यात आधी तिथेच बोट ठेवील. पण बहिणीच्या फोनमध्ये तो स्क्रीनशॉट ज्या चॅटमध्ये आहे, तिथे वर ११ मार्च २०२४ ही तारीख दिसते. म्हणजे तो त्या दिवशी अस्तित्वात होता, एवढं सिद्ध होतं. त्याचं क्रॉपिंग करू नका, रंगीत चौकोन काढू नका. बहिणीचं शपथपत्र आणि भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३, कलम ६३ खालचं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडा. आयोग पुराव्याच्या नियमांबाबत दिवाणी कोर्टाइतका काटेकोर नसतो, पण म्हणून ढिलाई नको. एक झाली तेवढी पुरे.

तक्रार कुठे करायची? तुम्ही राहता आणि काम करता ते नाशिक, म्हणून नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात. ग्राहक कायद्याचं कलम ३४ त्याला मुभा देतं. करारात 'फक्त पुणे न्यायालय' असं लिहिलंय. ती हरकत टिकू नये असं मला वाटतं, पण एजन्सी ती घेईलच आणि त्यात एखादी तारीख जाईलच. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला तक्रारीचं शुल्क नाही. ई-जागृती पोर्टलवरून दाखल करता येते.

एक खबरदारी मात्र घ्या. कलम ९ 'अनुचित करार' म्हणून रद्द करा, अशी मागणी घालू नका. नव्या कायद्यात अनुचित कराराची तरतूद आहे आणि मोहही होतो, पण तशी तक्रार जिल्हा आयोगाला चालवता येत नाही, ती राज्य आयोगाकडे जाते. १४,५०० रुपयांसाठी राज्य आयोगाच्या खेपा कशाला? सेवेतील त्रुटी म्हणा, फी आणि व्याज मागा, मनस्ताप व खर्चापोटी थोडी रक्कम मागा. थोडीच. लाखाचा आकडा टाकल्याने काही वाढत नाही.

२०,००० च्या मागणीने घाबरू नका. करार कायदा १८७२, कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते, तेवढी आपोआप मिळत नाही. कोर्ट वाजवी भरपाई देतं आणि १९६३ पासून सर्वोच्च न्यायालय हेच सांगत आलंय. एका उमेदवाराच्या गैरहजेरीने एजन्सीचं नेमकं काय बुडालं, हे त्यांना सांगावं लागेल. क्लायंट नाराज झाला म्हणतील, पण ते कागदावर दाखवणं कठीण. शिवाय त्यासाठी त्यांना दावा लावावा लागेल. आजवर लावलेला नाही.

'कंपनीला कळवू' ही धमकी लेखी आहे का, ते पत्रावरून कळत नाही. लेखी असेल तर भारतीय न्याय संहितेतलं खंडणीचं कलम ३०८ लावता येईल का, हा विचार करता येतो. पण पोलीस ठाण्यात 'हा दिवाणी मामला आहे' हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा. मी तो मार्ग आज धरणार नाही, ती धमकी तक्रारीत एका परिच्छेदात लिहीन. उलट त्यांनी आधीच कळवलं तर तुमच्या नोकरीवर काय परिणाम होईल, ते तुमच्या नेमणूकपत्रावर अवलंबून आहे आणि ते मी पाहिलेलं नाही.

या विषयावर बरीच पत्रं येतात, त्यातल्या बहुतेकांना इथेच सांगते : एजन्सीला तुम्ही एक रुपयाही दिला नसेल, तिचे पैसे कंपनी देत असेल, तर तुम्ही तिचे ग्राहक ठरणं अवघड आहे. ती कंपनीची माणसं, वेळही कंपनीचीच पाहणार. तिथे कायद्यापेक्षा थेट कंपनीच्या एचआरला लिहिलेली दोन ओळींची मेल जास्त उपयोगी पडते. ताईंचं वेगळं, त्यांनी पैसे मोजलेत.

निकाल कधी लागेल, ते विचारू नका. कायद्यात नोटीस मिळाल्यापासून तीन महिने लिहिलंय आणि ते वाचून कोणी हुरळून जाऊ नये. एक गोष्ट तेवढी तुमच्या बाजूची : एजन्सीला लेखी म्हणणं मांडायला ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यापुढे आयोगालाही मुदत वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय. पंचेचाळिसाव्या दिवशी रोजनाम्यात, म्हणजे आयोगाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, काय लिहिलंय ते स्वतः पाहा, वकिलावर सोडू नका.

आणि बहिणीला आजच फोन करा. निकाल लागेपर्यंत तिने तो मोबाईल विकायचा नाही.