वाचकांचे प्रश्न : झगडणे नेमके कोणाशी?

प्रश्न : थोरल्या भावाशी माझे तीन आठवड्यांपासून बोलणे बंद आहे. प्रार्थनेला बसले की त्याचेच शब्द कानात घुमतात आणि रात्री झोपही लागत नाही. आमच्या प्रार्थना-संगतीतील एक भगिनी म्हणतात की भावामागे सैतानाची शक्ती आहे, तिला बांधण्यासाठी मी उपास करावा. माझे पती म्हणतात की हे सारे मनाचे खेळ आहेत. आध्यात्मिक लढाई म्हणजे नेमके काय समजावे?
– एक वाचक भगिनी

उत्तर : प्रिय भगिनी, नव्या करारातील इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातील बारावे वचन तुम्ही अनेकदा ऐकले असेल. आपले झगडणे रक्तमांसाबरोबर नाही, असे प्रेषित पौल तेथे म्हणतो. अंधाराच्या सत्ता आहेत हे सांगण्यासाठी हे वचन नेहमी पुढे केले जाते, पण त्याच्या पहिल्या अर्ध्या भागावरून आपण घाईने पुढे जातो. तुमचा भाऊ रक्तमांसाचा माणूस आहे. तेव्हा या लढाईत तो शत्रू असूच शकत नाही. शिवाय त्याच्यामागे कोणती तरी शक्ती आहे असे एकदा ठरवले की त्याचे म्हणणे ऐकून घेण्याची गरजच उरत नाही, आणि माझ्या मते त्या भगिनींच्या सल्ल्यातील खरा धोका हाच आहे.

याच पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल सांगतो की सूर्य मावळेपर्यंत राग धरू नका आणि सैतानाला वाव देऊ नका. ‘वाव’ हा ज्या ग्रीक शब्दाचा अनुवाद आहे, त्या ‘तोपोस’चा साधा अर्थ जागा असा आहे. राग येताच पाप घडले, असे पौल म्हणत नाही. तो राग मुक्कामाला ठेवला की जागा दिली जाते. रात्री अकरा वाजता भावाला संदेश लिहायला आपण फोन हातात घेतो. पहिल्या वाक्यात घडलेली गोष्ट असते, दुसऱ्यात ‘तू नेहमीच असा वागतोस’ येते, तिसऱ्यात दहा वर्षांपूर्वीचे उणेदुणे निघते, आणि तिन्ही लिहिताना आपण केवळ खरे तेच बोलत आहोत अशी आपली खात्री असते. ते तिसरे वाक्य पाठवावे की खोडावे, या घालमेलीत रोजची आध्यात्मिक लढाई चालते. करिंथकरांस दुसऱ्या पत्रातही सैतानाने आपल्याला ठकवू नये हा इशारा पौलाने दिला आहे, तो क्षमा करण्याविषयी लिहितानाच.

तुमच्या पतींचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. प्रत्येक जण स्वतःच्या वासनेने ओढला जातो, असे याकोबही नव्या करारातील आपल्या पत्रात लिहितो. मात्र आपले मनच तेवढे आहे आणि मोहात पाडणारा कोणी नाही, असे पवित्र शास्त्र म्हणत नाही. झोपेचे म्हणाल, तर ती अशीच उडालेली राहिली तर डॉक्टरांना अवश्य दाखवावे. त्याने विश्वासाला कमीपणा येत नाही.

आता इफिसकरांस पत्राच्या त्याच सहाव्या अध्यायात पौल जी धारण करायला सांगतो, त्या देवाच्या शस्त्रसामग्रीविषयी. नीतिमत्त्वाचे उरस्त्राण, म्हणजे छातीवरचे चिलखत, आणि तारणाचे शिरस्त्राण यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 59व्या अध्यायात स्वतः परमेश्वराने धारण केलेले आहे. म्हणजे आपण वापरतो ते त्याचे आहे, आपल्या कमाईचे नव्हे. इफिसकरांस पत्रात ढालीसाठी आलेला ग्रीक शब्द दार या शब्दावरून बनला आहे, कारण ती ढाल दारासारखी मोठी असे. पौलाचा भर पुढे चाल करून जाण्यावर नसून टिकून उभे राहण्यावर आहे, आणि त्याच्या आज्ञा एकट्याला नव्हे, अनेकांना मिळून आहेत. आत्म्याची तरवार म्हणजे देवाचे वचन. अरण्यात सैतानाने मोह घातला तेव्हा येशूने तिन्ही वेळा जुन्या करारातील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातील वचनानेच उत्तर दिले. ते त्याने मोह घालणाऱ्याला दिले, हेही लक्षात असू द्यावे; एखादे वचन निवडून भावाला पाठवण्याचा विचार मनात असेल, तर तो सोडून द्यावा.

शक्य असेल तर, आपल्याकडून होईल तितके, सर्वांबरोबर शांतीने राहावे, असे रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात म्हटले आहे. म्हणून आधी तुम्ही फोन करावा. तो उचलतो की नाही हे तुमच्या हाती नाही. उपास करायचाच असेल तर जरूर करावा, त्या भगिनींनाही सोबत घ्यावे, आणि त्या दिवशी भावाचे नाव घेऊन त्याचे भले व्हावे अशी प्रार्थना दोघींनी करावी.