पीएफ फोडून सर्किट बेंचजवळ सल्ल्याचं ऑफिस काढावं का?

फुलेवाडीहून एका दादांचं पत्र आलंय, चांगलं सहा पानी. नाव नको म्हणालेत. थोडक्यात सांगतो. वय ४९, पतसंस्थेत २४ वर्षं वसुलीला, हातात पगार ४६ हजार. संस्था स्वेच्छानिवृत्ती देतेय. पीएफ १९ लाख, ग्रॅच्युइटी साडेपाच, स्वतःची एफडी ६, म्हणजे साडेतीस लाख. घराचं कर्ज ४ लाख २० हजार उरलंय, मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, वहिनी डबे देतात त्याचे महिन्याला आठेक हजार.

आणि डोक्यात काय, तर साध्या माणसाला कायद्याचं सांगणारा एक नवा पेशाच उभा करायचा. सनद म्हणजे वकिलीचा परवाना नाही, काळा कोट नाही, पण नोटीस आली तर घाबरायचं किती आणि जायचं कुठं एवढं सांगणारा माणूस. त्यांचंच वाक्य लिहितो, "आजारपणात गावात आशाताई आहे, टॅक्सला टॅक्सवाला आहे, कायद्यात मधलं कोण?" कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच झालंय, त्याच्या जवळ गाळा भाड्यानं बघितलाय, सगळं मिळून १८ लाख घालणार, पुढं दरवर्षी वीस पोरं शिकवून त्यांना सर्टिफिकेट देणार. विचारलंय, घालू का?

दादा, घालू नका. पण हे एका ओळीत उडवण्यासारखं पत्र नाही म्हणून नीट लिहितो.

तुम्ही म्हणता ती गरज शंभर टक्के खरी आहे, मी स्वतः भोगलीय. वडील गेल्यावर वारस नोंदीला आम्ही चार महिने हेलपाटे घातले, शेवटी एकानं चहाच्या टपरीवर सांगितलं की तुमच्या अर्जाला वारसांचं प्रतिज्ञापत्रच नाही, मग पुढं सरकणार कसा. तोवर ऑफिसबाहेरच्या एका गृहस्थाला पाच हजार देऊन बसलो होतो आणि तो रोज "साहेब मिटिंगला गेलेत" एवढंच सांगायचा. त्यामुळं असा माणूस पाहिजे का, यावर माझं दुमत नाही. प्रश्न एवढाच आहे की त्याचं पोट कशावर चालणार, आणि तुम्ही ज्याला सल्ला म्हणताय तो विकायची परवानगी तुम्हाला आहे का.

हे दुसरं आधी बघू कारण गाडी तिथंच अडते. ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ प्रमाणं वकिली करायचा हक्क फक्त सनदधारकाला, आणि हक्क नसताना कोर्टात किंवा प्राधिकरणापुढं वकिली केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद. तुम्ही म्हणाल मी कुठं कोर्टात उभा राहणार, मी नुसता सल्ला देणार. तिथंच मेख आहे. परदेशी वकील फर्मच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं २०१८ ला सांगून ठेवलंय की कोर्टाबाहेरचं काम, म्हणजे सल्ला देणं, मसुदे करणं, हेही वकिलीतच येतं. म्हणजे दारावर 'कायदेविषयक सल्ला, फी ३०० रुपये' असा बोर्ड लावला की तो बोर्डच तुमच्याविरुद्धचा पुरावा. टॅक्सवाल्याचं उदाहरण तुम्ही दिलंय पण तिथं कायद्यानंच मधली पायरी ठेवलीय, जीएसटी प्रॅक्टिशनर हा कायद्यातलाच माणूस आहे. वकिलीत ती पायरी नाही. ग्राहक आयोगात बिनवकील प्रतिनिधीला उभं राहता येतं, २०११ ला सुप्रीम कोर्टानं ते मान्य केलंय, पण त्यावर नियमांची वेसण घालायलाही सांगितलंय, त्यामुळं त्या एका फटीतून अख्खा पेशा काही आत जाणार नाही.

आणि हे वाचताना मलाच जरा दचकायला झालं. मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की वकिलावर सेवेतल्या त्रुटीसाठी ग्राहक आयोगात जाता येत नाही. वकिलावर नाही, पण तुमच्यावर येईल की! तुम्ही पावती फाडून पैसे घेणार, एखाद्याला सांगणार "थांबा, घाई करू नका", आणि ग्राहक तक्रारीची दोन वर्षांची मुदत तुमच्या थांबा म्हणण्यात निघून जाणार. मग तो तुमच्याच नावानं तक्रार टाकणार, ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फीसुद्धा नाही. वकिलाला जी ढाल आहे ती तुम्हाला नाही आणि तुमच्या पाठीशी आहे काय तर पीएफ.

बाहेरच्या देशात असे लोक आहेत, तुमचं बरोबर आहे. कॅनडातल्या ओंटारिओत २००७ पासून पॅरालीगलना, म्हणजे वकील नसलेल्या कायद्याच्या मदतनिसांना परवाना मिळतो, पण तो वकिलांचीच लॉ सोसायटी देते, परीक्षा आणि विमा सक्तीचा. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यानं २०१२ ला असाच मधला परवाना काढला आणि २०२० ला गुंडाळायचं ठरवलं, तोवर परवानेवाले पन्नाससुद्धा झाले नव्हते. तिथं तर राज्याचं सुप्रीम कोर्ट स्वतः मागं उभं होतं. तुमच्यामागं कोण, तर वहिनी आणि एक एफडी.

आता हिशोब. घरखर्च ३४ हजार, हप्ता साडेअकरा, मुलीची फी महिन्याला पाडली तर ९ हजार २००. झाले ५४ हजार ७००. पगार थांबला की वहिनींचे आठ वजा जाऊन ४६ हजार ७०० चा खड्डा दर महिन्याला. ऑफिसचा खर्च तुम्हीच लिहिलाय, भाडं १८ हजार, दोन पोरी कॉम्प्युटरला वीस, लाईट नेट प्रिंटर सात, म्हणजे ४५ हजार. दोन्ही मिळून ९१ हजार ७००. तीनशे रुपये फीनं महिन्याला ३०६ माणसं, पंचवीस दिवस धरले तर रोज बारा. बारा पैसे देणारी हं, नुसती विचारणारी नव्हेत. आपल्या कोल्हापुरात "जरा विचारायचं होतं" म्हणून आलेला माणूस अर्धा तास बसतो, तुमचाच चहा पितो आणि जाताना "येतो परत" म्हणतो, तुम्ही २४ वर्षं वसुली केलीय, खिशातनं पैसा काढायला काय लागतं ते मी तुम्हाला सांगायचं म्हणजे कमालच झाली. बरं, फुकट सल्ल्याची सोयही सरकारनं केलेली आहेच. १५१०० हा विधी सेवेचा हेल्पलाईन नंबर, महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, कामगार यांना उत्पन्न न बघता मोफत वकील, १९१५ ग्राहक हेल्पलाईन. ते कसं चालतं यावर बोलता येईल, पण फुकट आहे, आणि तुमची स्पर्धा फुकटाशी आहे.

१८ लाखांतले तीन डिपॉझिटला, पाच फर्निचर-कॉम्प्युटर-बोर्डाला, दोन क्लासला, आठ चालवायला. मिळकत नसेल तर ते आठ नऊ महिनेही पुरत नाहीत. उरलेल्या साडेबारा लाखातनं कर्ज फेडलं, मुलीच्या अडीच वर्षांच्या फीला पावणेतीन ठेवले, तर हातात साडेपाच लाख, वय पन्नास, आणि पीएफवाली पेन्शन अठ्ठावन्नला, तीही पाच-साडेपाच हजार. संस्थेचा ग्रुप मेडिक्लेम गेला तो वेगळाच. तुमच्या सहा पानांत मेडिक्लेमचा एक शब्द नाही, मी दोनदा शोधला.

जागेचं तर मला अजिबातच पटलं नाही. सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालं, सहा जिल्ह्यांचं काम इथं येतं, भाडी चढली असं तुम्हीच लिहिलंय. पण दादा, सोलापूर-सिंधुदुर्गातनं हायकोर्टाच्या कामाला येणारा पक्षकार वकील घेऊनच येतो. तुमचा माणूस तिथं नसतोच. तो असतो करवीर तहसीलच्या दारात, मंडल अधिकाऱ्याच्या व्हरांड्यात, नाहीतर गावच्या बाजारात पिशवीत सातबारा घेऊन. परवा मुद्दाम एका स्टँपवाल्याच्या टेबलाशेजारी सकाळभर बसलो. एक म्हातारी आली, बँकेची नोटीस पदराच्या गाठीत बांधलेली. त्यानं चष्मा वर केला, वाचली, म्हणाला "मावशी, ही जामीनदाराला आहे, कर्ज पुतण्याचं. त्याला घेऊन बँकेत जा आणि भरलेल्या पावत्या ने." दोन मिनिटं. तिनं वीसची नोट काढली, त्यानं घेतली नाही. पुढच्या माणसाकडनं मात्र भाडेकराराचं काम घेतलं आणि त्याचे पैसे मोजून घेतले. त्या टेबलावर सल्ला फुकटच होता, घर चालत होतं ते कागदावर.

म्हणून माझं म्हणणं असं, की पैसे कागदाच्या कामाचे घ्या. ऑनलाईन भाडेकरार नोंदणीसाठी नोंदणी विभागाचा अधिकृत सेवा पुरवठादार होता येतं का बघा, ई-हक्क या सरकारी पोर्टलवर वारस नोंदीचे अर्ज भरून देणं, माहिती अधिकाराचा अर्ज टाईप करणं, ग्राहक तक्रारीचे कागद लावून अपलोड करणं, आणि कर्जाचा खातेउतारा उलगडून सांगणं. हे शेवटचं तुमच्याइतकं कुणाला येणार नाही, सहकार कायद्यातल्या कलम १०१ च्या वसुली दाखल्याची प्रक्रिया तुम्हाला आतून माहीत आहे, कर्जदाराला ती कुणी सांगतच नाही. फक्त स्वतःच्या संस्थेच्या कर्जदाराला हात लावू नका, नोकरीत असताना तर नाहीच नाही.

नोकरी अजून एक वर्ष ठेवा. स्वेच्छानिवृत्तीची मुदत किती ते लिहिलं नाहीत, पुढच्या वर्षीही मिळणार का ते लेखी विचारा. शनिवार-रविवारी काम सुरू करा, संस्थेची परवानगी घेऊन, टेबल, लॅपटॉप, प्रिंटर, अडीच लाखांच्या वर एक रुपया नाही. आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं विधी स्वयंसेवक म्हणून नाव द्या, मानधन नाममात्र आहे आणि लोकांकडनं पैसे घ्यायचे नाहीत, पण प्रशिक्षण मिळतं आणि ओळख मिळते, जी तुम्ही पाच लाखांच्या बोर्डानं विकत घ्यायला निघाला होता. सलग सहा महिने पावतीवर वीस हजार सुटले तर मला परत लिहा, मग राजीनाम्याचं बोलू.

कुणी ओळखीचा वकील "पक्षकार पाठवा, तुमचं बघतो" म्हणाला तर हात जोडा. वकिलाला बिगरवकिलाशी फी वाटून घेता येत नाही, आणि कमिशनवर पक्षकार पुरवणाऱ्याचं नाव दलालांच्या यादीत टाकायची तरतूद आता ॲडव्होकेट्स ॲक्टमध्येच आलीय, तीन महिन्यांपर्यंत शिक्षा. क्लास आणि सर्टिफिकेट तर सोडूनच द्या. जे काम करायचा हक्क सर्टिफिकेटनं मिळत नाही त्यासाठी पोरांकडनं पंधरा-पंधरा हजार घ्यायचे, हे तुमच्यासारख्या माणसाला शोभत नाही, स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

आणि खरंच हाच पेशा करायचा असेल, आतनं ओढ असेल, तर उलटा विचार करा. पदवी आहे तुमची. नोकरी सुटल्यावर तीन वर्षांचं एलएलबी करा, वयाची अडचण नाही, पंचेचाळिशीनंतर सनद नाही हा बार कौन्सिलचा जुना नियम सुप्रीम कोर्टानं १९९५ लाच काढून टाकलाय. सनदेची फी २०२४ च्या निकालानंतर खुल्या वर्गाला ७५० रुपयांच्या वर घेता येत नाही, वर बार परीक्षेची फी. १८ लाखांच्या ऑफिसपेक्षा हे कितीतरी स्वस्त, आणि त्रेपन्न-चोपन्नला तोच सल्ला छातीठोकपणे द्याल, तीनशे रुपये घेऊन. फक्त ती तीन वर्षं घर कशावर चालणार ते आधी वहिनींबरोबर बसून कागदावर मांडा, त्यासाठी कर्ज फेडून टाकणं आणि घरचा दहा लाखांचा मेडिक्लेम काढणं ही दोन कामं पहिली. मेडिक्लेमवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेलाय, तेवढंच हलकं.

पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलंय की गाळ्याला २५ हजार टोकन दिलंय. ते अगदी पहिल्या पानावर यायला पाहिजे होतं. पावती आहे का, आणि तिच्यावर परतीचं काय लिहिलंय ते आजच बघा, उद्या सकाळी मालकाकडं जा, आणि एकटे जाऊ नका, वहिनींना घेऊन जा.