घाटात रेंज जाते, मग जीपीएस यंत्र घ्यावं का?

प्रश्न : आम्ही दोघं कराडला असतो. लेक चिपळूणला. तिच्याकडे जाऊन पुढे गुहागर, हेदवी, वेळणेश्वर असं फिरायचं मनात आहे. पण कुंभार्ली घाटात मोबाइलची रेंज जाते आणि नकाशा कोरा पडतो. अमेरिकेतला मुलगा तिथून गार्मिन कंपनीचं जीपीएस यंत्र, म्हणजे गाडीत रस्ता दाखवणारं यंत्र, पाठवतो म्हणतोय. घेऊ का?
– एक निवृत्त शिक्षक, कराड

उत्तर : सर, मुलाला आजच कळवा, तिथून काही घेऊ नकोस म्हणून. तिकडे विकल्या जाणाऱ्या यंत्रात सहसा तिकडचेच नकाशे भरलेले असतात. भारताचा नकाशा त्या मॉडेलवर चालतो का आणि तो किती जुना आहे, हे पाहिल्याशिवाय असं यंत्र घेण्यात अर्थ नाही.

खरं तर तुम्हाला यंत्राची गरजच नाही. रेंज गेली की जीपीएस गेलं, या समजापायी लोक पैसे घालवतात, याचं मला फार वाईट वाटतं. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून संदेश पाठवत असतात. फोन ते नुसते ऐकतो, त्याला ना सिम लागतं ना नेट. घाटात कोरा पडतो तो नकाशा, कारण तो नेटवरून तुकड्यातुकड्यानं येत असतो. तुम्ही कुठे आहात ते दाखवणारा निळा ठिपका तेव्हाही पुढे सरकत असतो, या वेळी मॅडमना नीट बघायला सांगा.

म्हणून घरच्या वायफायवर गूगल मॅप्समध्ये कराड ते गुहागर हा सगळा पट्टा ऑफलाइन उतरवून घ्या आणि निघायच्या आदल्या दिवशी तो ताजा करा. पाटणला रेंज असतानाच रस्ता लावून ठेवा. नेट असलं की फोन उपग्रहांची माहिती चटकन मिळवतो. नसलं तर ती उपग्रहांकडूनच घ्यावी लागते, आणि डोंगराच्या आडोशाला त्यात बराच वेळ जातो.

एक मात्र सांभाळा. ऑफलाइन नकाशाला कोंडी कळत नाही, दरड कोसळून घाट बंद झालेलाही कळत नाही. पावसाळ्यात लेकीला फोन करा, कोयनानगरला टपरीवर विचारा आणि मगच घाट उतरा.

घरात जुना स्मार्टफोन पडून असेल तर तोच गाडीत ठेवा. माझ्या गाडीत असाच एक आहे, बिनसिमचा. त्यामुळे बोलायचा फोन मोकळा राहतो आणि उन्हात तापतही नाही. रोज दिवसभर गाडी चालवणाऱ्याला वेगळं यंत्र परवडेल, पण त्यानंही भारताचा नकाशा पुढेही फुकट अद्ययावत होणार का, हे दुकानात आधी विचारावं.

पैसे खर्चायचेच तर चांगल्या स्टँडवर आणि कार चार्जरवर खर्चा. ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमानं गाडी चालवताना फोन वापरायला मुभा आहे ती फक्त रस्ता पाहण्यापुरती, तीही लक्ष विचलित होणार नाही अशा बेतानं. तेव्हा स्टँड नजरेच्या रेषेत पण रस्ता न झाकणारा हवा, आणि एअरबॅगच्या झाकणावर तर अजिबात चिकटवू नका.