भावाला लहानपणापासून ऊन सोसत नाही, चेहऱ्यावर ठिपके आहेत. आता पस्तिशीत तोल जातो, कमी ऐकू येतं. यांचा संबंध असेल का?

असू शकतो. आमच्या ताईच्या बाबतीत हा संबंध लक्षात यायला सात वर्षं गेली. ठिपक्यांसाठी त्वचेचे डॉक्टर, कानासाठी दुसरे, चालताना झोकांड्या जायला लागल्यावर तिसरे. शेवटी एका न्यूरॉलॉजिस्टनी गुडघ्यावर हातोडी मारली, पाय हललाच नाही. मग त्यांनी ताईला स्कार्फ काढायला सांगितला आणि विचारलं, "लहानपणी उन्हात चेहरा लगेच भाजायचा का?" रक्ताच्या जनुकीय तपासणीत ईआरसीसी४ या जनुकात दोष निघाला. आजाराचं नाव झेरोडर्मा पिगमेंटोझम.

उन्हातल्या अतिनील किरणांनी डीएनएला इजा होते. तेवढा तुकडा कापून नवा भरायची सोय पेशीत असते. या रुग्णांच्या पेशींत ती दुरुस्ती नीट होत नाही, हे जेम्स क्लीव्हर यांनी 1968 साली दाखवलं. मेंदूला तर ऊन लागत नाही, मग तो का झिजतो? मलाही हाच प्रश्न पडला होता. पेशी ऑक्सिजन वापरते, त्यातूनही डीएनए बिघडतो, आणि त्यातल्या काही इजा हीच यंत्रणा दुरुस्त करते. कातडीची पेशी गळून नवी येते. मेंदूतली चेतापेशी बहुधा जन्मभर तीच, म्हणून तिच्यातला बिघाड साचत जातो असं मानतात. ज्यांना हा मज्जासंस्थेचा त्रास होतो, त्यांच्यातल्या बहुतेकांना तो बालपणीच सुरू होतो, पण ईआरसीसी४च्या दोषात काहींना त्वचेचा त्रास सौम्य असतो आणि तोल मोठेपणी जातो.

झीज थांबवणारं औषध अजून नाही. तरी निदान करून घ्याच. त्वचेच्या कॅन्सरसाठी नियमित तपासणी, अंगभर कपडे, गॉगल, श्रवणयंत्र, आणि पुढे ठसका लागायला लागला तर गिळण्याची तपासणी, हे सगळं वेळेत सुरू होतं. उन्हाचा त्रास नसता तर मी दुसऱ्या आजारांकडेही बोट दाखवलं असतं. एटीएम नावाच्या दुसऱ्या एका जनुकाच्या दोषानेही तोल जातो, आणि त्याचा सौम्य प्रकारही मोठेपणी दिसू शकतो.

आई-वडील दोघेही वाहक असले, म्हणजे दोघांच्याही जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीत दोष असला, तर प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. आमची आई बाबांच्या मामाची मुलगी. निदान कळल्यावर ती कितीतरी दिवस नीट जेवली नाही. जेनेटिक काउन्सेलरने तिला समोर बसवून सांगितलं की वाहकाला स्वतःला काही होत नाही, मग त्यांना कळणार तरी कसं? त्या दिवशी ती रडली आणि घरी येऊन जेवली. तुम्हीही आई-वडिलांना सोबत न्या, आणि भावाचे शाळेतले फोटो. ताईच्या चौथीच्या वर्गफोटोत ते ठिपके स्पष्ट दिसतात.